जुन्या बॅटरीतला हात

नीलांबरीने बाजारातून आणलेली जुनी बॅटरी ड्रिलला लावली, शिडीवर चढून टोक भिंतीला टेकवलं आणि बटण दाबलं. ड्रिल दोनदा हलकेच गुरगुरून थांबलं, मग भोक पाडू लागलं.

ती थबकली. आधी दोनदा फिरवून भिंतीचा अंदाज घ्यायची सवय तिच्या नवऱ्याची, अरविंदची होती. बॅटऱ्या कारागिराचा हात, म्हणजे त्याची काम करायची लकब, शिकून ती पुन्हा तशीच उमटवू लागल्यापासून, विकण्याआधी तो हात पुसायचा असा नियम होता. ही कुणी पुसलीच नव्हती.

“वहिनी, भलत्याच कुणाचा हात दिसतोय हा,” शिडी धरून उभा असलेला तिचा दीर हेमंत म्हणाला. “द्या इकडे, बदलून आणतो.”

“राहू द्या, भाऊजी.”

अरविंदला जाऊन वर्ष झालं होतं. त्या दिवशी तो साइटवर आलाच नाही, वाटेतच ट्रकने उडवला, असं बिल्डरच्या माणसांनी सांगितलं होतं. तिथेच कामाला असलेल्या हेमंतनेही पोलिसांना तेच सांगितलं आणि लगेच तो मुकादम झाला.

तिने भोकं पाडणं चालू ठेवलं. दरवेळी आधी ती दोनदा गुरगुर. मग एका भोकाला ड्रिल मध्येच किंचाळलं, जणू कुणी जिवाच्या आकांताने बटण आवळलं, आणि एकदम गप्प झालं. बटण दाबलेलंच होतं.

नीलांबरीने खाली पाहिलं. ड्रिल बंद पडलं की माणूस ड्रिलकडे बघतो. हेमंत शिडीच्या पायाशी, फरशीकडे बघत होता.

“किती उंचावरून पडले ते, भाऊजी?” तिने विचारलं.