आठवा वायसर

"छत्री उघडू का मी?" चंद्रव्वांनी गाडीच्या आतून विचारलं.

सिद्धाप्पानं पाण्याची नळी बंद केली. बाहेर टपावरून पाणी ओघळत होतं आणि आत अस्तराच्या कडेला एक थेंब लोंबकळत होता. तो सुटला आणि बरोबर चंद्रव्वांच्या उजव्या खांद्यावर पडला. सकाळपासूनचा हा तिसरा प्रयत्न. पुढच्या काचेची कड झाली, दाराचं रबर झालं, सिलिकॉनची दुसरी ट्यूबही संपली.

"चार वर्षं झाली," चंद्रव्वा खाली उतरत म्हणाल्या. अक्कलकोटच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. "लिंबाची फांदी पडली म्हणून टप रंगवून घेतला, तेव्हापासून. पावसात मी छत्री धरून बसते आणि भाचा गाडी चालवतो. सिग्नलला लोक हसतात."

"रंगवला कुटं?"

"ते गॅरेज आता कुठलं! मंगल कार्यालय झालंय तिथं."

बापूसाहेब खुर्चीतून उठले. होटगी रोडवरचं हे गॅरेज त्यांचं. दिवाळीनंतर ते गुडघ्यांच्या ऑपरेशनला लेकीकडे जाणार होते. त्यांच्यामागं हेडमिस्त्री कोण, वीस वर्षं जुना सिद्धाप्पा की तीन वर्षांपूर्वी आलेली राजश्री, यावर गॅरेजात महिनाभर नुसती कुजबुज चालली होती.

"हे पाणी जो थांबवेल," बापूसाहेब म्हणाले, "हत्यारांच्या कपाटाची किल्ली त्याची. विषय संपला."

राजश्री सकाळपासून त्या पांढऱ्या गाडीभोवती फक्त एकदा फिरली होती. उजव्या बाजूच्या मागच्या टोकापाशी ती थांबली होती. तिथं टपावरच्या सामानाच्या दांडीचा बोल्ट झाकणाऱ्या प्लास्टिकच्या टोपणावर नखाएवढा ओरखडा होता. त्यावरून तिनं अंगठा फिरवला होता. आता तिनं साडीवरच्या निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"टपावरच्या दांड्या काढायच्या," ती म्हणाली.

"थेंब पडतोय पुढं आन् ही बघती मागं!" सिद्धाप्पा हसला. "पांढरी गाडी दिसली की टप बघत हिंडती ही, बापूसाहेब. बायका साड्या बघत्यात तशी."

"पाणी काय घरजावई हाय का अण्णा, एका जागी बसून राहायला? शिरतं एकीकडं, निघतं भलतीकडं."

तिनं पिशवी उलगडली. चांदणीच्या तोंडाचा पाना निघाला. मग लाकडी पाचर निघाली. सासऱ्यांच्या कापडमिलमधला मागाचा जुना धोटा अर्धा कापून, तासून तिनं ती केली होती. एकदा स्क्रूड्रायव्हरनं एका टोपणाला ओरखडा पडला, तेव्हापासून ती टोपणाला लोखंड लावत नसे. मग इडलीपात्राच्या दोन ताटल्या निघाल्या, चार-चार खळग्यांच्या. तळाशी बामाची डबी होती.

"बाईमाणूस बारीकसारीक पदराला गाठ मारून ठिवतंय," सिद्धाप्पा म्हणाला, "हिनं इडल्या मांडल्या!"

"पदराचा भरवसा न्हाई, अण्णा."

"आन् ह्यो बाम?"

"तुमी बोलायला लागला की डोस्कं दुखतंय की."

बापूसाहेबसुद्धा हसले. राजश्री घडवंचीवर चढली. पाचर सरकवून तिनं टोपणं अलगद उचलली. डाव्या दांडीचे चार बोल्ट निघाले, प्रत्येकाखाली पाणी अडवणारी रबरी चकती, वायसर. चार खळगे भरले. उजव्या दांडीचे तीन निघाले, वायसरसकट. मग ओरखडा असलेलं टोपण निघालं.

चौथ्या खळग्यात तिनं नुसता बोल्ट ठेवला. भोकाभोवती तांबूस गंज धरला होता.

"वायसरच नाही!" बापूसाहेब वाकून बघत राहिले. "चार वर्षं इथनं पाणी आत जातंय आणि आपण काचा चिकटवतोय."

"कुणा आंधळ्याचं काम म्हनायचं हे," सिद्धाप्पा करवादला. "घावला तर कान उपटीन."

"नवशिकं असंल," राजश्री गंज घासत म्हणाली. "मालक डोस्क्यावर हुबा असंल. हात थरथरलं असतील."

"तू कशाला त्याची बाजू घेतीस?"

ती घासतच राहिली. गंज निघेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

मग तिनं भोकाला रंगाचा हात दिला, तो वाळू दिला, आठही वायसर नवे घातले. दांड्या बसवताना मधले बोल्ट आधी, टोकाचे नंतर. शेवटच्या आवळणीला सिद्धाप्पानं स्वतःच कपाटातला टॉर्क पाना काढून तिच्या हातात दिला. ठरलेल्या जोराला तो पाना 'कट्' वाजायचा. चंद्रव्वा हजेरी घेतल्यासारख्या मोजत होत्या, "सहा... सात... आठ!"

त्या गाडीत जाऊन बसल्या. छत्री त्यांनी खिडकीतून बाहेर फेकली आणि काच वर केली.

सिद्धाप्पानं नळी सोडली. पाच मिनिटं. दहा. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघायला आला. वीस मिनिटांनी दार उघडलं आणि चंद्रव्वा खांदा पुढं करत उतरल्या, "बघा री! हात लावून बघा! कोरडा!"

पंक्चरवाल्यानं शिट्टी मारली. बापूसाहेबांनी कमरेची किल्ली सोडून राजश्रीच्या तळहातावर ठेवली. सिद्धाप्पानं नळी खाली टाकली आणि त्यानंच जोरात आरोळी दिली, "हेडमिस्त्रीनबाई, पयला चहा माझ्याकडनं!"

चंद्रव्वांनी शेंगाचटणीचा पुडा तिच्या हातात दिला. राजश्री वाकून त्यांच्या पाया पडली आणि चटकन उठलीच नाही.

"अगं तंगी, धाकटी बहीण तू माझी, हे उलटं काय? आभार मी मानायचे! तुझ्यासारखी बाई चार वर्षांपूर्वीच भेटायला पाहिजे होती मला!"

गाडी होटगी रोडला लागेपर्यंत राजश्री बघत उभी राहिली. मग आत येऊन तिनं ताटल्या पुसल्या, सात जुने वायसर मुठीत घेतले आणि बामाची डबी उघडली. आत बाम नव्हता. एक काळा रबरी वायसर होता, चार वर्षांपूर्वी, आता मंगल कार्यालय झालेल्या त्या गॅरेजात कामाच्या पहिल्याच आठवड्यात, एक पांढरी गाडी फाटकाबाहेर निघून गेल्यावर तिच्या पदराच्या गाठीत सापडलेला.