सोमवारचं मत

"भुताचा सिनेमा कसा वाटला?" ताईने फोनवर विचारलं.

"भूत कमी अन् पावडर जास्त," पलीकडून बाई म्हणाल्या. "मला तर बाई हसूच आलं. ह्यांना मात्र आवडला. दोनदा बघितला."

ताई खुदकन हसली आणि तिने ते जसंच्या तसं टाइप केलं. प्रेक्षक पाहणीच्या कचेरीत तसा नियमच होता. माणूस बोलेल तेच उतरवायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ताईची पानं वरच्या मजल्यावर तपासणीला जात आणि अकरा वर्षांत एकही परत आलं नव्हतं. याचा तिला कोण अभिमान!

दर सोमवारी चाळीस घरांना फोन करून आठवडाभरातल्या मालिका आणि सिनेमे कसे वाटले ते विचारायचं, हे तिचं काम. बहुतेक लोक "बरं होतं" म्हणून कटवतात. या बाई तशा नव्हत्या. त्यांची जीभ अशी तिखट की ताई त्यांचा फोन मुद्दाम शेवटी ठेवायची. बाईंचा नवरा जवळच बसलेला असे. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे त्याचं खाकरणंही ऐकू यायचं.

"आणि वकीलबाईंची मालिका?"

बाईंच्या आवाजातली थट्टा गेली.

"त्यातल्या धाकट्या जावेचं बघवत नाही हो. नवरा बाहेर जाताना दाराला कडी घालून जातो. खिडक्यांना खिळे ठोकलेत. परवा तिचा हात मोडला, तरी डॉक्टर नाही की काही नाही. लिहिणाऱ्याला कळत नाही का, मरेल ती अशाने?"

ताईची बोटं थांबली. सगळे भाग बघणं तिच्या नोकरीचाच भाग होता. त्या मालिकेत धाकटी जाऊ नव्हतीच. वकीलबाईंचं लग्नच झालेलं नव्हतं, मग जाऊ येणार कुठून?

"मालिका म्हणजे हिचा जीव की प्राण," नवरा मागून हसत म्हणाला. "मला नाही बुवा सोसत ती रडगाणी. त्या वेळी मी अंघोळीला जातो."

ताईने "धन्यवाद" म्हटलं, सवयीने सगळं टाइप केलं आणि पान वर पाठवलं.

पोलिसांत जावं तर सांगायचं काय? एका बाईने मालिकेत नसलेल्या जावेची कीव केली? हसून हाकलतील. शेवटी तिने भावाला सांगितलं. भाऊ टॅक्सी चालवायचा.

"नसत्या भानगडीत पडू नकोस," तो म्हणाला. जेवण झाल्यावर हात धुताना तो म्हणाला, "पुढच्या सोमवारी नीट विचारून घे. तसंच असलं तर गाडी माझी."

पुढच्या सोमवारी ताईने छापील यादीत नसलेला प्रश्न विचारला.

"धाकट्या जावेचं पुढे काय होईल, तुम्हाला काय वाटतं?"

पलीकडे नवरा वर्तमानपत्र चाळत असल्याचा आवाज येत होता. मग बाईंचा आवाज आला, अगदी बारीक. "गुरुवारी अकरा वाजता नवरा त्याच्या आईला दवाखान्यात नेतो. मागच्या गल्लीतल्या दाराला कुलूप नसतं, नुसती बाहेरून कडी. कोणी काढली, तर सुटेल बिचारी. नाहीतर महिनाभरसुद्धा टिकायची नाही."

"काढेल कोणीतरी," ताई म्हणाली. "याच गुरुवारी. मी पैजेवर सांगते."

"खरंच?"

"अगदी खरं."

"मग बघेन मी," बाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरेना.

"मालिकेपायी कसली रडतेस, वेडे!" नवरा म्हणाला.

ताईने नेहमीसारखं सगळं उतरवलं, दोनदा वाचलं आणि पान वर पाठवलं. पत्ता समोरच्या यादीत होता. तो तिने तळहातावर लिहून घेतला. तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. देवा, एवढी एक बाई सुखरूप बाहेर काढ, एवढंच ती घोकत होती.

गुरुवारी पावणेअकराला टॅक्सी मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. अकरा वाजता पुढच्या रस्त्याने एक गाडी निघून गेल्याचा आवाज आला. भावाने इंजिन चालूच ठेवलं. ताई भिंतीच्या कडेकडेने दारापाशी पोचली.

दाराला कुलूप होतं. कोरं करकरीत, किल्लीच्या भोकाभोवती तेलाचा ओलावा अजून होता.

"बाई," तिने फटीला तोंड लावून हाक मारली. "मी आलेय. सोमवारची ताई."

आतून काहीच आवाज आला नाही. तिने दार ठोठावलं, मग धडधडा वाजवलं. तरी आत सामसूम.

"फोनवाल्या ताई ना तुम्ही?"

ती दचकून वळली. चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांतला एक माणूस मागे उभा होता. खाकरला, तेव्हा तिने तो आवाज ओळखला.

"आईला आज शेजाऱ्यांबरोबर पाठवलं," तो म्हणाला. "म्हटलं, तुम्ही येणार, तर घरी कोणीतरी हवं."

ताईने दाराला पाठ टेकवली.

"तुमची कचेरी मात्र चोख हो. मंगळवारी तपासणीवाल्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मालिकेत धाकटी जाऊच नाही, मग आमच्या ताईने ही उत्तरं मनाने तर रचली नाहीत ना? दोन्ही सोमवारची पानं मला ओळ न् ओळ वाचून दाखवली." तो अदबीने हसला. "तुमच्या नोकरीवर बेतलं होतं, ताई. मी सांगितलं, तिची काही चूक नाही, शब्दन् शब्द आमच्याच घरातला आहे."