एकाच पानावर दोघं

सुरभीच्या ओळीखाली पडद्यावर दुसरी ओळ उमटली. सुरभीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"कोण हाय?" एवढंच लिहिलं होतं.

मेघा खुर्चीसकट मागं सरकली. "अवं माय! हे कोण लिहून राह्यलं?"

"भूत नाई वं. माही चूक हाय," सुरभी म्हणाली. भूत असतं तर तिला इतकं रडू आलं नसतं.

सेलूच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला शिकण्यापुरती एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लिहावी लागे. तिच्यात एका प्रोग्राममधून दुसरा जन्मला, की लेकराला मेमरीतल्या आईच्या पानाची वेगळी नक्कल द्यायची. मग एकानं लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. सुरभीनं नक्कल केलीच नव्हती. आईचंच पान लेकराच्या हातात कोंबलं होतं. त्यामुळे इथं लिहिलेलं तिकडे दिसे आणि तिकडचं इथं.

तिकडे म्हणजे रूपराव सरांच्या केबिनमध्ये.

लेकराचा प्रोग्राम ज्यावर चाले तो दुसरा पडदा आणि कीबोर्ड सरांनीच केबिनमध्ये नेला होता, भिंतीला भोक पाडून, वायर ओढून. लॅबचे शिपाई गुलाबभाऊ जेवण करून जरा टेकले ते तिथल्या खुर्चीतच गेले. तेव्हापासून सर लॅबचा उंबरा ओलांडत नसत. शोकसभेत ते अंधश्रद्धेविरुद्ध तासभर बोलले होते. व्हरांड्यातून.

"सरले दिसलं असन आता सगळं," सुरभी म्हणाली. "गेला विषय. अन् विषय गेला त नागपूरची नोकरी गेली."

चूक शोधायला वेळ नव्हता. मेघानं पडद्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"सर इचारून राह्यले ना, कोण हाय? मंग सांग ना त्यायले. लिव, मी गुलाब."

"येडी झाली का?"

"नोकरी पायजे का नाई तुले?"

सुरभीनं एकेक अक्षर दाबत लिहिलं, "मी गुलाब. सुरभीले पास कर."

भिंतीपलीकडून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मेघानं ओढणी तोंडात कोंबली.

"फाटली सरची!"

तेवढ्यात लॅबच्या दारात रूपराव सर दिसले. उंबऱ्याच्या बाहेरच उभे, कपाळावर घाम, खांद्यावर बॅग.

"काय झालं वं पोरींनो, काऊन हसून राह्यल्या?" म्हणत त्यांनी मान लांब करून पडद्यावरच्या ओळी वाचल्या. बॅग धपकन खाली पडली.

"पास!" सर ओरडले. "पास हाय तू, सुरभी! डिस्टिंक्शन! गुलाबभाऊले सांगून देजो!"

बॅग तिथंच टाकून ते फाटकाकडं पळत सुटले. एक चप्पल व्हरांड्यात राहिली.

मेघा टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. सुरभीही हसली. नोकरी वाचली होती. ती बॅग उचलायला बाहेर आली. बॅगेला डबा अडकवलेला होता, अजून गरम. बाहेरच्या कप्प्यातून वर्ध्याहून आलेल्या बसचं तिकीट डोकावत होतं.

सर आत्ताच बसमधून उतरले होते.

सुरभीनं केबिनकडं पाहिलं. दाराला कुलूप होतं. वरच्या काचेवर आतल्या पडद्याचा निळा उजेड हलत होता.

"मेघा," ती हळूच म्हणाली, "सर त केबिनमंदी नव्हतेच."

मेघाचं हसू केव्हाच थांबलं होतं. तिनं बोट पडद्याकडं केलं. सुरभीच्या ओळीखाली एकेक अक्षर उमटत होतं, नव्यानं टायपिंग शिकणाऱ्या माणसासारखं, सावकाश.

"तू गुलाब? मंग मी कोण?"