गिटारमागचा आवाज

वसईच्या घराच्या गॅरेजमध्ये टेप केलेल्या जुन्या डेमोंमधला एकेक आवाज एआयचं यंत्र सुटा करत होतं. त्याच डेमोंवरून निघालेला हार्ड रॉक अल्बम गाजला होता इनासच्या गिटारमुळे.

“मागे एका बाईचा आवाज आहे. पुसू का?” यंत्रानं विचारलं.

इनास दचकला. शेजारी त्याची मुलगी मर्सी बसली होती. ती तान्ही असतानाच तिची आई गेली होती.

“नको. माझी गिटार पूस.”

“पप्पा, अख्खा सोलो जाईल!”

“जाऊ दे.”

गिटार गेली, ड्रम गेले. मग मागून थोपटल्याचा आवाज आला आणि बायको म्हणाली, “इनास, हळू वाजव ना जरा. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

तेव्हा त्याला हे ऐकूच गेलं नव्हतं.

“बरं,” इनास म्हणाला.