अठ्ठ्याऐंशी किलो

"किल्ली फिरवू नकोस," ओडेरा मिस्त्री म्हणाला. "खाली काहीतरी बिनसलंय."

तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. बहात्तर सालची डॅटसन, तिच्या दोन्ही अंगांना ताणून बांधलेले तंगुसाचे दोरे, आणि दोऱ्यापासून चाकाच्या कडेचं अंतर मोजायला हातात पोलादी पट्टी. पाच मिनिटांपूर्वी माप चोख होतं. आता गिथिंजी स्टिअरिंगवर जाऊन बसला आणि चाक तिरकं दिसू लागलं. उद्या सकाळी नाइवाशाला जुन्या गाड्यांची शर्यत. मातीच्या रस्त्यावर एकशे साठचा वेग, आणि शेजारी बसून वहीतल्या खुणांवरून रस्ता वाचून दाखवायला गिथिंजीची एकुलती एक लेक, वाइथेरा. इथे केसाएवढा फरकही चालणार नव्हता.

"तुझी पट्टी म्हातारी झाली," गिथिंजी आतून म्हणाला. "जाऊ दे मला."

"पट्टीला काही झालेलं नाही. बस गप."

गिथिंजीला अर्धा तास एका जागी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. म्हणून तीस वर्षं ओडेरा त्याच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवून चाकं लावत आला होता. बरोबर अठ्ठ्याऐंशी किलो. आज सकाळीही त्याने विचारलं होतं, वजन किती धरू? "नेहमीचंच की," गिथिंजी म्हणाला होता.

ओडेराने मडगार्डची उंची मोजली. पुन्हा मोजली. गोण्या असताना होती त्यापेक्षा गाडी अर्धं बोट वर होती.

उन्हं डोक्यावर आली तरी गिथिंजीने जाड जाकीट गळ्यापर्यंत चढवलेलं होतं. महिनाभर हेच जाकीट. आपल्या डोळ्यांवर काय झापड आली होती? पोरीला चहा आणायला पिटाळावं आणि याला बाजूला घेऊन विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण उद्या याच्या शेजारी बसायचं होतं ते तिलाच.

"वाइथेरा, व्हॅनमधलं उगालीचं मक्याचं पीठ आण गं. सगळं आण."

तिने दोन-दोन किलोच्या पुड्यांचा गठ्ठा आणून ठेवला.

"आता एकेक पुडा बाबांच्या मांडीवर ठेव."

"हा काय पोरखेळ लावलाय?" गिथिंजी म्हणाला.

एक पुडा. ओडेराने पट्टी लावली. दुसरा. तिसरा. चौथ्याला गिथिंजी हसून म्हणाला, "जेवण इथेच शिजवणार का रे?" त्याचं हसणं त्याच्यापाशीच राहिलं. आठव्या पुड्याला वाइथेराचा हात थबकला.

"काका, अजून?"

"अजून."

अकराव्या पुड्याला मडगार्ड जुन्या मापावर आलं. ओडेरा पट्टी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"बावीस किलो," वाइथेरा म्हणाली.

"खाणं कमी केलंय जरा. डॉक्टर म्हणाला, बारीक व्हा."

"कुठला डॉक्टर?"

गिथिंजी पुढे काचेतून बघत राहिला.

"कधीपासून चाललंय हे, बाबा?"

"शर्यत होऊ दे. मग सांगतो सगळं."

"दुखतं?"

"कधीमधी."

"गाडी चालवताना?"

मांडीवरचे पुडे घसरू नयेत म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

"किती वजनावर लावू, ते सांग," ओडेरा म्हणाला. आवाज चढू न देणं त्याला जड जात होतं. "खोट्या वजनावर चाकं लावून मी हिला त्या रस्त्यावर पाठवणार नाही. मला नाही जमायचं ते."

"एकोणसाठ," वाइथेरा म्हणाली.

"छे, सहासष्ट होतात," ओडेरा म्हणाला.

"माझं एकोणसाठ आहे, काका. गाडी मी चालवते. शर्यतीचं लायसन्स माझ्याकडेही आहे. बाबा शेजारी बसून वाचतील. नाहीतरी रस्ता त्यांना तोंडपाठ आहे."

गिथिंजीने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो ओडेराकडे वळला. "तू समजाव तिला. अरे, माझी ही शेवटची..."

तो मध्येच थांबला. पण निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं. वाइथेराने ओठ घट्ट मिटले.

ओडेराला वाटलं, हे काम सोडून सरळ तळ्याकाठच्या आपल्या गावी निघून जावं. तीस वर्षांत या माणसाने जे सांगितलं ते त्याने मुकाट केलं होतं. नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

"उतर, गिथिंजी," तो म्हणाला. "एकोणसाठवर लावतो."

वाइथेराने पुडे एकेक करून उचलले. तिने बापाला हात दिला नाही, आणि दिला असता तरी त्याने तो घेतला नसता. दाराला धरून तो बाहेर आला, दोरा ओलांडून गाडीला वळसा घालून डावीकडे गेला आणि तिच्या जागेवर जाऊन बसला. दार त्याने उघडंच ठेवलं. वाइथेराने सीट पुढे ओढून स्टिअरिंग धरलं.

ओडेरा पुढच्या चाकांमधून गाडीखाली सरकला आणि पान्याने नट सैल करू लागला. मग बाहेर येऊन तो डावीकडच्या चाकाचा दोरा पाहायला वाकला. शेजारच्या उघड्या दारातून गिथिंजीचा उजवा पाय दिसत होता. गाडी तसूभरही हलत नव्हती, तरी तो पाय तळाच्या रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.