चाळीस ओळी

वरचा बाण दाबला की काळ्या पडद्यावर आधी दिलेले आदेश एकेक करून परत येतात. धाकटीने तो दोनदा दाबला आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

आदेश थोरलीचा होता, जेवणाच्या सुट्टीआधी दिलेला. ज्या ओळीत २२१७ असेल, तिथे १०४३ कर.

२२१७ हा क्रमांक धाकटीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होता. १०४३ थोरलीचा.

गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर या दोघीच बसत, म्हणून सगळे त्यांना थोरली-धाकटी म्हणत. दोघीही कंत्राटावर. पर्मनंट होणाऱ्यांची यादी याच आठवड्यात लागणार, अशी कुजबुज गेले आठ दिवस चालली होती. आज सकाळी साहेबांनी थोरलीला खोलीत बोलावून फाइल दिली. चाळीस ओळी, दर ओळीवर एक क्रमांक, बाकी काही नाही. क्रमाने लावून परत पाठवा, मथळा मी घालतो, असं सांगितलं. मथळ्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, हा साहेबांचा खाक्याच होता. तेव्हापासून थोरली गप्प होती.

धाकटीने मूळ फाइल आणि थोरलीची फाइल घेऊन दोन्हींतला फरक मागितला. एक ओळ गेलेली, एक आलेली. ओळी मोजल्या, तर चाळीसच. चोरीसुद्धा किती नीटनेटकी!

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. याच बाईने बोट धरून हे आदेश शिकवले. कालच किती गोड बोलून विचारत होती, नवऱ्याला काम लागलं का, पोरीची शाळा कशी चाललीय. धाकटीने भाबडेपणाने सांगूनही टाकलं, की नाही लागलं, माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललंय. आणि आज तिनेच केसाने गळा कापला. दीड वर्षात घरी बसायचं वय, आता पर्मनंट होऊन कुठलं सिंहासन मिळणार होतं हिला?

धाकटीने तोच आदेश उलटा लिहिला. १०४३ च्या जागी २२१७. ओळी क्रमाने लावल्या आणि फाइल साहेबांना पाठवून दिली.

थोरली डबा धुऊन, हात पुसत आत आली.

"यादी पाठवली मी," धाकटी म्हणाली. "साहेबांनी दिली होती तशी."

थोरलीचा चेहरा उतरला. "अगं, मला विचारायचंस तरी."

"सहा वर्षं तुम्हालाच विचारत आले, ताई. आता पुरे."

थोरलीने डबा टेबलावर टाकला. मग ती जवळजवळ धावतच साहेबांच्या खोलीकडे गेली. दार आतून बंद होतं. ती वाजवत राहिली, कुणी उघडलं नाही. धाकटीला ते पाहून मनापासून बरं वाटलं.

चार वाजता शिपायाने फळ्यावर कागद लावला. फळ्यापुढे गर्दी होती, पण कुणी बोलत नव्हतं. धाकटी कोपराने वाट काढत पुढे घुसली. तळापासून तिसरी ओळ, २२१७. तिने त्यावर बोट ठेवलं, हसली आणि मग मान वर करून मथळा वाचला.

'खालील कर्मचाऱ्यांनी उद्यापासून कामावर येऊ नये.'