तेलाचा दिवा

उमरगा मागे पडलं आणि स्टिअरिंगच्या मागचा तांबडा दिवा लागला. एरवी तो लुकलुकून विझायचा. या वेळी लागला तो लागूनच राहिला.

"तेलाचा दिवा आहे. गाडी थांबवा," कुसुम म्हणाली.

गुरुराजनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी बसवकल्याणला तार आली होती. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. त्याचं गाव, मादन हिप्परगा, अजून वीस मैल होतं.

गाडी विलायती होती, बुटकी, दोनच माणसांची, पळण्यासाठीच बनवलेली. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर असलेल्या गुरुराजनं ती गेल्या वर्षी हैदराबादेत जुनी घेतली होती. विकणारा म्हणाला होता, दिव्यांकडं फार बघू नका साहेब, ते असेच लागतात. गुरुराजला ते पटलं. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक त्यानं उघडलंसुद्धा नाही. कुसुम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. कुठला दिवा बॅटरीचा, कुठला तेलाचा, ब्रेकचं ऑइल कुठल्या खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, सगळं तिला माहीत होतं. लग्नाआधी मामांच्या मोटारीवर ती चालवायलाही शिकली होती. लायसन होतं. पण चार वर्षांत गुरुराजनं तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. गावात बरं दिसत न्हाई, एवढंच म्हणायचा.

"अहो, थांबवा. इंजनात तेल फिरत नाहीये."

"आई जायलीय तिकडं, अन् तू दिव्याचं सांगायलीस!"

"म्हणूनच सांगायलेय. आणखी दोन मैल गेलो तर इंजन जाम होईल. मग आपण पोचायचंच न्हाई."

गुरुराजनं पाय आणखी दाबला. कुसुमनं हात लांब केला, किल्ली फिरवली आणि काढून घेतली. आवाज बंद झाला. गाडी आपल्या वेगानं थोडी घरंगळली आणि एका बाभळीजवळ उभी राहिली.

मागून कडब्याची लॉरी आली, तसा खाली उतरून गुरुराजनं हात केला. लॉरीत चढताना एवढंच म्हणाला, "बस इथंच. दिवे बघत."

लॉरी दिसेनाशी झाल्यावर कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं आणि बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढून पाहिली. टोकालासुद्धा तेल लागलं नव्हतं. मागच्या रस्त्यावर काळ्या थेंबांची रांग दिसत होती. तिनं वाकून पाहिलं. इंजिनाच्या तळाचा बोल्ट ढिला होऊन तेल गळत होतं.

शेजारच्या रानात विहिरीवर डिझेलचं इंजिन ठोकत होतं. ती बांध ओलांडून तिकडं गेली. ग्यानबा आणि त्याची बायको कलाबाई उसाला पाणी देत होती.

"दादा, पाना हाय का तुमच्याकडं? अन् इंजनात घालायचं ऑइल?"

"हाय की. पर घालणार कोण? डायवर कुठं गेलाय?"

"मीच घालणार."

ग्यानबा बघतच राहिला. कलाबाईनं मात्र काही विचारलं नाही. पाना आणि ऑइलचा डबा तिनं उचलला, वाटेत गोणपाट घेतलं आणि गाडीखाली कुसुमच्या पाठीला अंथरून दिलं. बोल्ट तापलेला होता. पदर गुंडाळून कुसुमनं तो आवळला. तेल ओतलं, पट्टी पुसून पाहिली, पुन्हा ओतलं. खुणेपर्यंत आल्यावर ती उजव्या बाजूच्या सीटवर बसली आणि किल्ली फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं. दिवा विझला.

हिप्परग्यात गुरुराज दुपारी पोचला तेव्हा त्याची आई सत्यभामाबाई पोट धरून विव्हळत होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आतडं अडकलंय. आजच सोलापूरला ऑपरेशन व्हायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबलात तर हाती काही राहायचं नाही." लॉरी केव्हाच पुढं निघून गेली होती, गावातली एकुलती एक जीप वऱ्हाड घेऊन गेली होती. बस पाचला होती. गुरुराज चार घरं फिरून रिकामा परत आला आणि आईच्या उशाशी बसला.

"कुसुम कुठाय रे?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मागं हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात अंगणाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी कुसुम उतरली. चालवायच्या बाजूचं दार तिनं त्याच्यासाठी उघडंच ठेवलं.

"तेल भरलंय. बोल्ट आवळलाय, पण पक्का धरेल असं न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही आत्याबाईंना घेऊन निघा. मी मागून येते."

गुरुराजनं आईला दोन्ही हातांवर उचलून डाव्या सीटवर बसवलं आणि तिच्या पाठीशी उशी दिली. मग वळून तो चालवायच्या दाराशी आला. आत बसला नाही. क्षणभर त्या सगळ्या दिव्यांकडं, काट्यांकडं बघत राहिला.

"रस्त्यात पुन्हा एखादा दिवा लागला, तर मला कळायचं न्हाई," तो म्हणाला. "तूच ने. मी बसनं येतो."

सत्यभामाबाई वाचल्या. सोलापुरात त्यांना ऑपरेशनला आत घेतलं, तेव्हा गुरुराज अजून गावच्या फाट्यावर बसची वाट बघत उभा होता.